खळ, पांढरा गोंद आणि आईचा टीपॉय

जुन्या सामानावर कागद लावायचा माझा पहिला प्रयोग ऐन जुलैत झाला. आईच्या लग्नातला टीपॉय, वरचा सनमायका निघून प्लायवूड उघडं पडलेलं. दिनदर्शिकांतली फुलांची चित्रं कापून चिकटवली आणि वरून त्याच गोंदाचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी जागोजागी फुगे दिसले. पंधरवड्यात पाण्याच्या पेल्याखाली पांढरं कडं उमटलं. गोंद चांगलाच होता. पाणी कागदात शिरताना आणि बाहेर पडताना काय करतं, हे मला ठाऊक नव्हतं. नव्याने शिकणाऱ्यांना मी म्हणूनच आधी पाण्याबद्दल सांगते.

कागद ओला झाला की फुगतो आणि तोही एकाच दिशेला जास्त. वर्तमानपत्र उभं फाडून बघा, सरळ चिरत जाईल. आडवं फाडलंत तर वाकडंतिकडं फाटेल. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा, आणि कागद वाढतो तो तिच्या आडव्या अंगाला. कोरडा कागद गोंदावर ठेवला तर तो तिथेच वाढू लागतो, जागा मिळत नाही आणि सुरकुत्या पडतात. म्हणून जाड कागदाला मागून गोंद लावून पाचेक मिनिटं तसाच ठेवायचा. त्याला वाढायचं तेवढं वाढू द्यायचं, मग मधून कडांकडे जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्यायचं. त्यातूनही बारीक फुगे राहिले तर ओले असताना त्यांना हात लावू नका. वाळताना कागद आक्रसतो आणि बरेचसे फुगे आपोआप बसतात. उरलेला एखादा पूर्ण वाळल्यावर ब्लेडने चिरून, सुईच्या टोकाने आत गोंद सारून बसवता येतो.

टिश्यू नॅपकिनचं तंत्र याच्या उलट. त्याचे थर सोडवून छापील असेल तेवढाच घ्यायचा, गोंद लाकडाला लावायचा आणि नॅपकिन कोरडाच अलगद टेकवायचा. खालचा रंग त्यातून दिसतो, म्हणून आधी पांढरा हात हवाच. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेली चित्रं मात्र टाळा, बहुतेक शाई ओली झाली की पसरते. लेझर प्रिंट टिकतं.

पृष्ठभागाची तयारी कंटाळवाणी असली तरी टाळू नका. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, भोकांत लांबी (पुट्टी) भरा, 120 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावरची 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर ओला करून घासा, मास्क लावा, मुलांना दूर ठेवा.

आता चिकटवायचं कशाने? फेविकॉलसारखा पांढरा गोंद दोन भाग आणि पाणी एक भाग, एवढं प्रमाण टीपॉय, स्टूल, खुर्चीला पुरतं. पण वाळलेला गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे तोच वरून लावून भागत नाही. माझ्या टीपॉयवरचं कडं त्यातूनच आलं. वर पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे निदान तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात नीट वाळवून. तेलातलं वॉर्निश कालांतराने पिवळं पडतं, पांढऱ्या कागदावर ते लगेच जाणवतं. अठराव्या शतकात व्हेनिसचे कारागीर चिनी-जपानी लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रं कापून कपाटांवर लावत आणि वर वॉर्निशचे कितीतरी हात देत. 'लाका पोवेरा', म्हणजे गरिबांचं लाखकाम, असं त्याला नाव पडलं. कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत हात देत राहायचं, ही रीत आजही तीच.

माझं मन मात्र खळीत आहे. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत खळ पारदर्शकपणाकडे झुकेपर्यंत शिजवायचा. खळ दोन-तीन दिवसांत आंबते आणि कसर तिला सोडत नाही, म्हणून पुस्तकं बांधणारे बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. मोरचूद विषारी आहे. तो खळ निवल्यावर, प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यातच मिसळा. लोखंड-ॲल्युमिनियमच्या भांड्यात घातला तर धातूशी त्याची क्रिया होते. स्वयंपाकाची भांडी त्याच्या जवळपासही नकोत. पावसाळ्यात खळीचं काम मी घेतच नाही, आठवडाभर वाळत नाही आणि बुरशी धरते.

चांगलं सागवान किंवा सावंतवाडीचं रंगकाम असलेलं सामान कुणी घेऊन आलं तर मी कागद लावायला नकार देते. ते फक्त पुसून, पॉलिश करून वापरावं.

गेल्या हिवाळ्यात एक बाई आजेसासूबाईंची लाकडी पेटी घेऊन आल्या. आतलं लाकूड काळवंडलं होतं, त्यांना फुलाफुलांचा कागद हवा होता. "गोंदच लावा, कायमचं होऊ दे," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर खळीने लावलेला एक जुना तुकडा ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवला. कागद अख्खा सुटला, खालचं लाकूड जसंच्या तसं. मग म्हणाल्या, "खळच लावा. नातीला नको वाटलं तर ती काढेल."