दीर्घिकेतला वायू किती वर्षं पुरेल? घरबसल्या काढायचा हिशेब

मी गुहागरात एका पतसंस्थेत हिशेब बघते. सवयच अशी लागली आहे की कुठलंही खातं समोर आलं की आधी दोन आकडे शोधायचे, शिल्लक किती आणि खर्च किती. अवरक्त प्रकाशात झगझगणाऱ्या दीर्घिकांचेही हे दोन आकडे आपल्याला काढता येतात. शिल्लक म्हणजे थंड वायू आणि खर्च म्हणजे त्यातून दरवर्षी घडणारे तारे. कागद, कॅल्क्युलेटर आणि मोबाइलवर नेट असलं की झालं.

आकडेमोडीआधी यातली एक दीर्घिका डोळ्यांनी बघून घ्या, नाहीतर सगळं कोरडं वाटतं. मार्चअखेरीची चंद्र नसलेली रात्र निवडा आणि दहाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून बसा. सप्तर्षींच्या चौकोनातल्या पुलस्त्यापासून समोरच्या कोपऱ्यातल्या क्रतूपर्यंत तिरकी रेघ ओढा आणि तेवढीच पुढे वाढवा. १० बाय ५० च्या दुर्बिणीत तिथे दोन पुसट डाग दिसतील. गोलसर आणि ठळक दिसतो तो एम ८१, काडीसारखा बारीक तो एम ८२, आपल्याला हवी ती दीर्घिका. आपल्याकडून तो क्षितिजाच्या ३८ अंश वर येतो, म्हणजे सुरूच्या झाडांच्या आणि वाडीतल्या दिव्यांच्या बराच वर. दव पडतं, तेव्हा भिंगं पुसायला सुती फडकं जवळ ठेवा. फडक्याने भिंगं घासू नका, नुसती टिपा.

एम ८२ आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथे तारे धडाधड जन्मतायत, पण धुळीच्या आड. नवे जड तारे निळा आणि अतिनील प्रकाश ओकतात, धूळ तो गिळते आणि थोडी तापते. तापते म्हणजे तरी किती, तर उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते! एवढ्या उबेत ती अवरक्त प्रकाश देते, मुख्यतः ६० ते १०० मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा पट्टा जमिनीवरून दिसत नाही, हवेतली वाफ तो अडवते. (कोकणातली वाफ तर विचारूच नका.) म्हणून १९८३ साली आयरास हा उपग्रह सोडला. थंड ठेवणारं द्रवरूप हीलियम संपेपर्यंत, दहा महिन्यांत, त्याने ९६ टक्के आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनवर मोजलं. ते आकडे आजही फुकट मिळतात. नेड नावाच्या दीर्घिकांच्या साठ्यात नाव टाका, चारही आकडे आणि अंतर मिळेल. आकडे जान्स्की या एककात हवेत आणि अंतर मेगापार्सेकमध्ये. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.

आता खर्चाची बाजू. १२ मायक्रॉनच्या आकड्याला १३.४८ ने गुणा, २५ च्या आकड्याला ५.१६ ने, ६० च्या आकड्याला २.५८ ने. १०० चा तसाच ठेवा. सगळ्यांची बेरीज करा, तिला अंतराच्या वर्गाने गुणा आणि मग ५.६ लाखांनी. आलेला आकडा म्हणजे किती सूर्यांइतकं तेज नुसतं अवरक्तात बाहेर पडतं.

आर्प २२० घेऊ. या दोन दीर्घिका एकमेकींत घुसलेल्या आहेत, आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर. आकडे असे: ०.६१, ८.०, १०४ आणि ११५, अंतर ७७. बेरीज ४३३ येते. ७७ चा वर्ग ५,९२९. सगळा गुणाकार केला की १ लाख ४४ हजार कोटी सूर्य. दहा हजार कोटींच्या वर गेली की दीर्घिका ‘अवरक्त-तेजस्वी’ धरतात आणि लाख कोटींच्या वर ‘अतितेजस्वी’. एम ८२ चा आकडा ५,८०० कोटींच्या आसपास येतो. इतकी धामधूम असून ती पहिल्या पायरीवरही चढत नाही.

दर हजार कोटी तेजाला वर्षाला साधारण दीड सूर्याच्या वस्तुमानाचे तारे धरा. आर्प २२० चा खर्च झाला वर्षाला सुमारे २१६ सूर्य. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा दोनच्या आत-बाहेर.

खरी मेख शिल्लक काढण्यात आहे. तारे थंड रेणवीय हायड्रोजनातून घडतात आणि तो स्वतः जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण २१ सेंटिमीटरवर हायड्रोजन बघते, पण तो सुट्या अणूंचा. रेणूंचा माग कार्बन मोनॉक्साइडवरून काढावा लागतो. त्याची २.६ मिलिमीटरची रेषा चिलीमधल्या आल्मासारख्या दुर्बिणी टिपतात. रेषेच्या तेजाला एका गुणकाने गुणलं की वायूचं वजन मिळतं. भांडण आहे ते या गुणकावर. आकाशगंगेसाठी तो ४.३ धरतात. तोच आर्प २२० ला लावला तर वायूचं वजन केंद्राच्या एकूण वजनापेक्षाही जास्त भरतं, आणि हे शक्य नाही. तिथला वायू सुट्या ढगांत नाही, सलग, गरम आणि खवळलेला आहे, म्हणून तेवढ्याच वजनात जास्त चमकतो. अशा ठिकाणी ०.८ च्या आसपासचा गुणक वापरतात. कुठल्याही लेखात वायूचा आकडा दिसला की आधी त्यांनी कुठला गुणक घेतलाय ते बघा. मी तरी ते बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

लहान गुणकाने आर्प २२० मध्ये सुमारे ५०० कोटी सूर्यांइतका वायू निघतो. भागिले २१६, म्हणजे जेमतेम २ कोटी ३० लाख वर्षांची शिल्लक. शांत सर्पिल दीर्घिकांत हीच शिल्लक सुमारे २०० कोटी वर्षं पुरते. मोठा गुणक लावलात तरी बारा-साडेबारा कोटी वर्षांपलीकडे जात नाही. म्हणजे दीर्घिका उधळी आहे हा निष्कर्ष गुणकाने बदलत नाही, फक्त किती उधळी ते बदलतं.

या हिशेबात दोन गळत्या आहेत. एक, केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असेल तर तोही धूळ तापवतो, मग सगळं तेज ताऱ्यांच्या नावावर टाकता येत नाही. दोन, वायू तारे घडवण्यातच संपतो असं नाही. एम ८२ मधून तो वाऱ्यासारखा बाहेर फेकला जातोय. शिवाय सगळा वायू कामाचाही नसतो. हायड्रोजन सायनाइडची रेषा फक्त घट्ट वायू दाखवते, आणि २००४ साली गाओ आणि सोलोमन या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं की अवरक्त तेज या घट्ट वायूच्या प्रमाणातच वाढतं. कार्बन मोनॉक्साइडशी ते तितकं सरळ जुळत नाही.

सरावासाठी एनजीसी २५३ घ्या. कॅरोलिन हर्शेलने ती १७८३ साली शोधली. डिसेंबरच्या मध्यात रात्री आठला दक्षिणेकडे ४७ अंशांवर दुर्बिणीत दिसते. आकडे ४१, १५५, ९६८ आणि १,२८८, अंतर ३.५. तेज ३,५०० कोटींच्या आसपास आणि खर्च वर्षाला पाच-सव्वापाच सूर्य आला तर तुमचं गणित बरोबर. फारच वेगळं आलं तर अंतराचा वर्ग करायचा राहिलाय का, ते आधी बघा.