मासळीच्या दुकानात जेवायला जाताना

ठाण्यात आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक मासळीचं दुकान आहे. पुढे बर्फाचा ओटा, वजनकाटा आणि मासे कापायचा लाकडी ठोकळा. मागे सहा टेबलं आणि दोन मावश्यांचं स्वयंपाकघर. पुढे मासा निवडायचा आणि मागे करून खायचा, नाहीतर सरळ थाळी मागवायची. गेली नऊ वर्षं मी तिथे जेवतेय. माहेर माझं मालवणजवळच्या आचऱ्याचं, त्यामुळे मासा कसा बघायचा ते आईने लहानपणीच शिकवलं. पण दुकानात बसून खायची रीत मात्र मला इथे हळूहळू कळत गेली.

माझ्याबरोबर पहिल्यांदा येणारी माणसं बहुतेक एकच करतात. थेट आत जाऊन बसतात आणि सुरमई थाळी सांगतात. बाहेर ओट्यावर त्या दिवशी चकचकीत सोनेरी मांदेली पडलेली असते, ती त्यांनी बघितलेलीही नसते. तेव्हा आधी ओट्यापाशी उभं राहा, टेबलावर नंतर बसा. दोन मिनिटं नुसतं बघा. अशा ठिकाणचं जेवण आत शिजतं खरं, पण ते चांगलं होणार की साधारण, हे बाहेर बर्फावरच ठरलेलं असतं.

त्याच्याही आधी वार बघा. आपल्याकडे मासे खायचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, मंगळवारीही काही घरांत मासा चालत नाही. दुकानदार माल उचलतो तो हा हिशेब धरूनच. सोमवारी ओट्यावर जे दिसतं त्यात रविवारचं उरलेलं पुष्कळ असतं. रविवारी दुपारी एक वाजता माल ताजा असतो, पण गर्दी एवढी की मावशींना तव्याकडे नीट बघायलाही उसंत नसते. मी बुधवारी किंवा शुक्रवारी साडेअकराला जाते. मुंबईत ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे होड्यांचा मासा उतरतो तिथून, सकाळी उचललेला माल तोवर लागलेला असतो, तवा नुकताच तापलेला असतो आणि बोलायला सगळ्यांना वेळ असतो.

"ताजं आहे का?" असं कधी विचारू नये. त्याला उत्तर एकच मिळतं. "मावशी, आज काय आलंय?" असं विचारा. मग थोडं थांबून, "आज तुम्ही घरी काय नेणार?" हे विचारा. आमच्या ओट्यावरच्या वहिनी या प्रश्नावर एकदा बोंबलांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे नेणार, आणि ती सुरमई तू पण घेऊ नकोस." त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकते. पण रोजची ओळख व्हायला वेळ लागतो, तोवर आपले डोळे आणि बोटं वापरायला हवीत.

पापलेटाच्या कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबा. पांढरं, दुधासारखं पाणी आलं तर घ्या; लालसर आलं तर ठेवून द्या. बांगड्याचा डोळा बघा. तो फुगीर आणि स्वच्छ हवा, पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेघा चमकत्या हव्यात, आणि हातात आडवा धरला तर मासा वाकून लोंबता कामा नये. कल्ला उचलून आत लाल दिसायला हवं, तपकिरी नको. बोंबील मऊ असतोच, पण ताजा बोंबील गुलाबी झाक असलेला, अखंड आणि तुकतुकीत असतो; पिवळट पडलेला, पोट फुटलेला नको. कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट चिकटलेलं हवं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या हव्यात; एखादी उघडी असेल तर तिला टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला. खेकडा जिवंतच घ्यायचा आणि हातात जड लागायला हवा. आकाराने मोठा आणि वजनाला हलका असला तर आत मांस नाही. आई तर अमावास्या-पौर्णिमा बघितल्याशिवाय कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणायचीच नाही. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या, असं तिचं म्हणणं. मी वजनावर विश्वास ठेवते.

आधीच कापून ठेवलेल्या सुरमईच्या तुकड्या घेऊ नका. अख्खा मासा समोर कापून मागा. तो परवडत नसेल, तर निदान तुकडीतलं मांस मधल्या काट्याला धरून आहे की सुटलंय ते बघा. सुटलेलं असेल तर मासा जुना.

बांगड्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. काही वर्षांपूर्वी, आमच्या या दुकानात नव्हे, दुसऱ्या एका ठिकाणी मी बांगडा फ्राय खाल्ला. चव जराशी झोंबरी लागली, पण मसाला तिखट असेल म्हणून खात राहिले. अर्ध्या तासात चेहरा आणि मान लालबुंद, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं, आयुष्यभर मासे खाऊन आता त्याची ॲलर्जी झाली. डॉक्टरांनी समजावलं की दोष माझ्या शरीराचा नाही. बांगडा, कुपा (ट्यूना) असे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि एकदा झालं की ते तळून किंवा उकळून जात नाही. म्हणून बांगडा बर्फाच्या वर नुसता मांडलेला असेल तर मी घेत नाही. बर्फात पुरलेला हवा. आणि जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर पहिल्याच घासाला थांबायचं. भिडेखातर ताट संपवू नका, मावशींना सांगा. चांगला दुकानदार ताट परत घेतो.

आता वजन आणि पैसे. अशा दुकानांत दोन पद्धती असतात. एक ठरलेली थाळी. दुसरी, ओट्यावरचा मासा किलोच्या भावाने घ्यायचा आणि बनवायचे पैसे वेगळे द्यायचे. दुसऱ्या पद्धतीत तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, बनवायचे पैसे नगावर की किलोवर, आणि डोकं-शेपटीचं काय. वजन बहुतेक ठिकाणी आधीचंच धरतात आणि ते रास्त आहे, फक्त आपल्याला माहीत हवं. डोकं आणि शेपटी मात्र सोडू नका. "तुकड्या तळायला, डोकं-शेपटी कालवणात" एवढं सांगितलं की एकाच सुरमईत दोन पदार्थ होतात, आणि कालवणाला खरी चव डोक्याचीच येते. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली तर तीही मागून घ्या, वेगळी तळून देतात. मासा अख्खा असतानाच धुवा असंही सांगा. कापलेल्या तुकड्या पाण्यात पडून राहिल्या की चव पाण्यात जाते.

कोणता मासा कसा करायचा, यावर मावशींशी बोललं पाहिजे. त्यांना ते आवडतं, निदान आमच्या मावशींना तरी. माझं मत असं, की पापलेट, हलवा यांच्यावर जास्त मसाला घालू नये. हळद, मीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस), थोडं तिखट, वरून तांदळाचं पीठ आणि तव्यावर. बोंबील रव्यात कुरकुरीत, पण त्याआधी वजनाखाली दाबून त्याचं पाणी काढलेलं हवं. "बोंबील दाबलेत का?" हे विचारायला लाजू नका, न दाबलेला बोंबील तव्यावर लोळागोळा होतो. मांदेली अख्खी, कडक तळलेली, वर लिंबू. तारली आणि बांगडा हे तेलकट मासे, त्यांना तिरफळ हा झणझणीत वासाचा मसाला हवा. आमच्या मालवणकडे बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, तिरफळाशिवाय होत नाही, आणि ठाण्यातल्या मावशींकडे डब्यात तिरफळं असतात, फक्त मागावी लागतात. पापलेटात तिरफळ मागितलंत तर मात्र मावशी तुमच्याकडे बघतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

चौघं असाल तर चार सुरमई थाळ्या सांगू नका. पाव किलो मांदेली, दोन बांगडे, एक मध्यम पापलेट आणि तिसऱ्यांचं सुकं, असं मधे ठेवून सगळ्यांनी वाटून खा. पैसे कमी जातात आणि चार चवी मिळतात. पापलेट अगदी लहान असेल तर भाव कितीही चांगला असो, नको म्हणा. 2023 मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलं, पण तळहाताएवढंही न वाढलेलं पिल्लू आपण विकत घेत राहिलो तर सातपाटीच्या होड्यांना पुढे पापलेट मिळायचं कुठून?

कोणाला कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असेल तर ते ओट्यावरच सांगा, आणि स्वयंपाकघरात परत एकदा सांगा. छोट्या जागेत तवा एक, तेल एक. कोळंबी तळलेल्या तेलातच पुढचा मासा पडतो. आमच्या मावशी सांगितलं तर वेगळा तवा ठेवतात. शाकाहारी पाहुण्याला मात्र इथे आणू नये. बटाट्याची काचरी मिळते, पण वास सगळीकडे माशाचाच असतो आणि त्या बिचाऱ्यालाही जेवण जात नाही.

थाळी आली की आधी तळलेलं गरम असताना खा, फोटो नंतर. बांगड्याचं वरचं मांस पाठीच्या रेषेवरून बोटाने सोडवा, मग शेपटीकडून मधला काटा उचला. तो डोक्यापर्यंत अखंड निघतो आणि खालची बाजू मोकळी मिळते. बोंबलाचा काटा मऊ असतो, तो चावून जातो. करलीत बारीक काटे फार, लहान मुलाला ती देऊ नका. त्याच्या ताटात सुरमई किंवा रावस वाढा. कालवणात तिरफळ दिसलं की चोखा आणि कडेला ठेवा, चावू नका. भाकरी तांदळाची मागा आणि ती तळणाबरोबर खा. भात कालवणासाठी राखून ठेवा. सोलकढी शेवटी. सकाळच्या नारळाची असेल तर फिकट गुलाबी आणि गोडसर लागते. दुपारी तीननंतर ती आंबायला लागते, तेव्हा उशीर झाला असेल तर मी घेत नाही.

पावसाळ्याचं वेगळं. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते, कारण तो पुष्कळ माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. तरी दुकान उघडं असतं. मग ओट्यावर काय असतं? फ्रीझरमधला माल, तळ्यांत वाढवलेली वनामी जातीची कोळंबी, रोहू-कटला, कधी रायगडकडचा जिताडा मासा, आणि जूनच्या मध्यानंतर पूर्व किनाऱ्यावरचा मासा, कारण तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. यात वाईट काही नाही, फक्त विचारून घ्या. या दिवसांत मी सुरमई-पापलेटाच्या वाटेला जात नाही. सुकटाची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण, सोड्यांची (सोललेल्या सुक्या कोळंबीची) खिचडी, हे खायला जाते. मावशींच्या हातचं हे जेवण मला तर थाळीपेक्षा सरस वाटतं, आणि बहुतेक गिऱ्हाइकांना ते मिळतं हेच माहीत नसतं. कुठे लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. नारळी पौर्णिमेनंतर ओटा पुन्हा भरायला लागतो. त्या पहिल्या आठवड्यांत भाव चढे असतात. मी थोडं थांबते आणि गणपती गेल्यावर तारली आणि बांगड्यासाठी जाते.

घरी मासा न्यायचा असेल तर जेवायला बसण्याआधी निवडून, वजन करून ठेवा, पण कापायला लगेच सांगू नका. तो अख्खाच बर्फात राहू दे. सोलकढी आली की मासे कापणाऱ्या दादांना हाक मारा, "दादा, आता घ्या कापायला." तुमचं बिल होईपर्यंत तुकड्या तयार होतात. मी घरून झाकणाचा स्टीलचा डबा नेते, त्यात खाली आणि वर मूठभर बर्फ मागून घेते. वाटेत भाजीला थांबत नाही. घरी आलं की तुकड्यांना मीठ, हळद, आगळ लावून डबा फ्रीजमध्ये, आणि तो मासा त्याच रात्री.