भूप की देशकार? शास्त्र आणि भाव एकाच रियाजात बसवण्याची रीत

गाण्यात शास्त्र मोठं की भाव, या वादात दोन्ही बाजूंची माणसं एक गोष्ट न तपासता धरून चालतात: भाव उपजत असतो, त्याचा रियाज होत नाही. श्रोता ज्याला ‘रंगलं’ म्हणतो, त्यातला बराच भाग खरं तर नेमका सांगता येतो. कोणत्या स्वरावर थांबलात, किती थांबलात, त्या स्वरावर कुठून आलात, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कसे उतरलात. हे सगळं घोटण्यासाठी भूप आणि देशकार या रागांची जोडी फार सोयीची आहे.

दोन्हींचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. म आणि नी दोन्हींत वर्ज्य. तरी भूप कल्याण थाटातला (थाट म्हणजे स्वरांवरून केलेला रागांचा गट), वादी म्हणजे मुख्य स्वर ग, संवादी म्हणजे त्याखालोखालचा ध, रात्रीच्या पहिल्या प्रहरचा. देशकार बिलावल थाटातला, वादी ध, संवादी ग, सकाळचा. गंमत अशी की कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक फक्त मध्यमाचा, म्हणजे म चा, आणि मध्यम तर या दोन्ही रागांत नाहीच. म्हणजे थाट ठरवतानाही स्वरांची यादी पुरली नाही, रागाची चाल ऐकावी लागली.

रियाजाला तंबोरा हवा. ॲपचा चालेल, पण पेटी (हार्मोनियम) बंद ठेवायची. तारा प-सा-सा-खर्ज (खर्ज म्हणजे खालचा सा). पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोन, बायकांना पांढरी पाच ते काळी पाच या पट्टीत सोयीचा सा सापडतो. मंद्र (खालच्या सप्तकातला) ध आणि तार (वरच्या सप्तकातला) सा दोन्ही न ताणता लागले, तर पट्टी बरोबर. खरा तंबोरा असेल तर जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असलेला, दोरा नीट सरकवून घ्यावा. जवारी उघडली की खर्जाच्या तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. पहिली १० मिनिटं फक्त त्या गंधाराला आवाज मिळवायचा: सा, मग सरळ ग, एका श्वासात ८ ते १० सेकंद. आवाज तंबोऱ्यात विरघळल्यासारखा वाटला की ग लागला. लहरी जाणवत राहिल्या तर नाही. पेटीवर शिकलेल्यांचा ग इथे हमखास चढतो, कारण पेटीचा ग या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट). ‘स्वर बरोबर आहे पण गोड लागत नाही’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. त्यात भावाचा दोष काही नाही.

पुढची २० मिनिटं चलन, म्हणजे रागाची चाल दाखवणारे स्वरसमूह. भूपासाठी: सा, रे ध़ सा, रे ग, प ग, ध प ग, रे ग, रे सा (खाली टिंब असलेला ध मंद्राचा). प वरून ग वर मींडेने (न तोडता घसरत) यायचं आणि ग वर दोन-तीन सेकंद ठरायचं. ध ला स्पर्श करून परतायचं, तिथे घर करायचं नाही. देशकारासाठी: सा, ग प ध, ध, प, ग प ध प, ग रे सा. इथे मुक्काम ध वर. आरोहात रे टाळायचा, अवरोहात तो ओझरता घ्यायचा, आणि ग वर रेंगाळायचं नाही. नेमकी चूक होते ती इथेच: भूप गाताना वर चढलं की ध गोड लागतो, गाणारा तिथे थांबतो, आणि तालाच्या तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात (फेरीत) ऐकणाऱ्याला सकाळ झाल्यासारखं वाटू लागतं. स्वर एकही चुकलेला नसतो.

तपासणी सोपी आहे. प्रत्येकी २० सेकंदांचे आठ आलाप ध्वनिमुद्रित करा, चार भूपाचे, चार देशकाराचे, क्रम मिसळून. दुसऱ्या दिवशी क्रम न बघता ऐका, किंवा राग ओळखणाऱ्या कुणाला तरी ऐकवा. आठांपैकी दोनपेक्षा जास्त चुकले, तर ताना (वेगाने घ्यायचे स्वरसमूह) बाजूला ठेवून आणखी आठवडाभर चलनच करायचं.

आता तयारी, म्हणजे वेगाच्या ताना. सपाट तान (सारेगपधसां, सांधपगरेसा; सां म्हणजे तार सा) दोन्ही रागांना सारखीच लागू पडते, म्हणून ती कितीही वेगात घेतली तरी तिने एकही राग उभा राहत नाही. तान कुठे जाऊन बसते ते महत्त्वाचं. तीनतालाचा (१६ मात्रांचा) ठेका ६० च्या लयीत (मिनिटाला ६० मात्रा) लावा आणि १४व्या मात्रेपासून चौगुनीत (मात्रेला चार स्वर) घ्या:

भूप: सारेगप | धसांधप | गरेसारे | सम: ग
देशकार: सांसांधप | गरेसासा | गपधप | सम: ध

तीन मात्रांत बारा स्वर, तेरावा समेवर. सलग तीनदा स्वच्छ आली तरच लय ५ ने वाढवायची. वेग वाढला की आकाराचा हाकार होतो, ‘आ’ऐवजी ‘हा हा हा’ ऐकू येतं, कारण प्रत्येक स्वराला वेगळा श्वासाचा धक्का दिला जातो. दुसरा दोष जबड्याचा: हनुवटीला दोन बोटं लावून बघा, ती हलत असेल तर स्वर गळ्यातून न निघता जबड्यातून निघतायत. दोन्हींवर उपाय एकच, लय १० ने खाली आणून तीच तान दुगुनीत. हे कंटाळवाणं आहे, आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तानबाजीने भारावलेल्यांना ते पटत नाही.

बंदिश घेताना शब्द आधी चालीशिवाय, हाताने टाळी-खाली देत म्हणा आणि श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा. शब्दाच्या मध्ये श्वास तुटला की सुंदर आलापावरही पाणी पडतं.

शास्त्र किती हवं, याचं माझं उत्तर सरळ आहे. परीक्षेसाठी दहा थाटांची नावं पाठ करा, पण गाताना त्यांचा उपयोग कमीच. खरा उपयोग वादी-संवादी, न्यास (कोणत्या स्वरावर थांबायचं) आणि अल्पत्व-बहुत्व (कोणता स्वर कमी, कोणता जास्त) यांचा. देशकाराच्या आरोहात रे टाळा, हे एक वाक्य आठवडाभराची धडपड वाचवतं. उलट ‘मनापासून गा’ या सल्ल्यातून विद्यार्थ्याने नेमकं काय बदलायचं, हे त्याला कधीच कळत नाही.

ही जोडी पक्की झाली की मारवा आणि पूरिया घ्या. स्वर पुन्हा तेच: कोमल रे, तीव्र म, ग, ध, नी, पण मारव्यात रे-ध ठळक आणि सा लांबणीवर टाकलेला, तर पूरियात ग-नी, ओढा मंद्राकडे. याच स्वरांचा तिसरा राग सोहनी मात्र लगेच नको. तो तार सप्तकात खेळतो. तार सा दहा सेकंद न हलता टिकत नसेल, तर सोहनी म्हणून निघेल ती नुसती ओरड.