कॉलेजचा खतखड्डा वास मारतोय? या चुका टाळा

पाच जूनला, पर्यावरण दिनी, फोटो, जुलैत वास, दिवाळीपर्यंत खड्ड्यावर फरशी. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांच्या खतखड्ड्याची कुंडली हीच. आमचाही त्यातलाच. खरं तर दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिका २०१७पासून सांगतेय.

चूक जूनमध्ये नाही, फेब्रुवारीतच होते. रेन ट्री, पिंपळ पानं गाळतात तेव्हा ती गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात किंवा मागच्या भिंतीपाशी पेटतात. मग कँटीनचे कांद्याची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात खड्ड्यात पडतो तेव्हा वर टाकायला मूठभर सुकं पान नसतं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर. खताला कार्बन त्याच्या साधारण ३० पट लागतो, आणि तो या पानांत असतो. एक बादली ओलं, दोन बादल्या सुकी पानं, एवढं धरून चाला. पानांच्या गोण्या मेपर्यंत कोरड्या जिन्याखाली ठेवा. (रजिस्ट्रार कुरकुरतील. कुरकुरू द्या.)

बिघाड नाकाला कळतो. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे पानं कमी पडली. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही. ढीग वर-खाली करा, लाकडाचा भुसा मिसळा. मूठभर खत घट्ट पिळून बघा: एक-दोन थेंब ठीक, धार लागली तर पाणी जास्त. आपल्या पावसात उघडा खड्डा म्हणजे हौदच, वर पत्रा हवा.

जाड, करड्या अळ्या दिसल्या की फिनेल ओतू नका. आम्ही ओतलं होतं. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, ओला कचरा फस्त करतात. फिनेलनं त्या मेल्या, खत करणारे जिवाणूही मेले, वास मात्र राहिला.

झाडांचंही तेच. जुलैत लावलेल्या ताम्हणाला एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार? एनएसएसची मुलं तेव्हा परीक्षेत, मग गावी. आणि बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवू नका, मुळांना पाणी पोचत नाही.

म्हणून समिती नेमण्याआधी माळीदादांना विचारा. वर्षाचे बारा महिने आवारात तेच असतात. खड्ड्याची जागा त्यांना ठरवू द्या, आणि ढीग हलवायच्या कामाचे वेगळे पैसे बजेटमध्ये धरा.