जुन्या पेट्रोल गाडीला स्वस्त ईसीयू : निवड, जोडणी आणि खान्देशी उन्हातली जुळवणी

जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात काही बदल केले, म्हणजे कॅमशाफ्ट बदलला, मोठे इंजेक्टर बसवले किंवा सायलेन्सरची सगळी लाइन नवी केली, की कंपनीने दिलेल्या ईसीयूतील (इंजिनाला किती इंधन द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातील) इंधनाचे व ठिणगीचे तक्ते त्या इंजिनाला लागू पडत नाहीत. अशा वेळी मूळ कपलरलाच, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या जोडालाच, जोडता येईल असा, लॅपटॉपवरून आकडे बदलता येणारा स्वतंत्र ईसीयू बसवणे हा हौशी माणसाच्या आवाक्यातला उपाय आहे. मात्र स्वस्त असतो तो फक्त डबा. खरा कस लागतो तो सेन्सरांची खातरजमा, अर्थिंग आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची नेमकी वेळ) यांत, आणि हे सगळे पक्के झाल्याशिवाय तक्त्यातील एकाही आकड्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम गाडीची निवड. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत डिझेल गाड्यांची संख्या मोठी आहे. परंतु कॉमन रेल (अतिउच्च दाबाच्या सामायिक नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेलचे इंजेक्शन या स्वस्त ईसीयूंना चालवता येत नाही, त्यामुळे त्या गाड्या येथे बाद होतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्याही सोडून द्याव्यात, कारण त्यांत इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा), मीटर आणि एबीएस हे कॅन बसवरून (गाडीतील यंत्रणांना जोडणाऱ्या संदेशवाहक तारांवरून) मूळ ईसीयूशी सतत बोलत असतात. थ्रॉटल केबलने चालतो अशी जुनी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) गाडी सर्वांत सोयीची. १२९८ सीसीची १६ व्हॉल्व्ह इंजिनाची एस्टीम किंवा जिप्सी किंग हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या इंजिनाचे सुटे भाग आणि त्याची नस ओळखणारे मिस्त्री आपल्याकडे अजूनही सापडतात.

ईसीयूंमध्ये तीन नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. अमेरिकेतील ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी सुरू केलेला मेगास्क्वर्ट सर्वांत जुना. स्पीडुइनो हा अर्डुइनो मेगा २५६० या सहज मिळणाऱ्या बोर्डावर चालतो. रसईएफआय हा एसटीएम३२ जातीच्या, अधिक वेगवान चिपवर उभा आहे. तिन्ही ट्यूनरस्टुडिओ या एकाच सॉफ्टवेअरमधून जुळवता येतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने स्पीडुइनो घ्यावा, असे मी सुचवतो. त्याचा संपूर्ण आराखडा खुला आहे आणि वरचा अर्डुइनो बोर्ड जळालाच तर तेवढाच बदलता येतो.

तयार प्लग-इन बोर्ड प्रामुख्याने परदेशात लोकप्रिय असलेल्या माझदा एमएक्स-५ सारख्या गाड्यांसाठी बनतात. आपल्या गाडीसाठी तसाच जोड स्वतः तयार करावा लागतो, आणि त्याची सोपी रीत अशी की भंगारातून त्याच मॉडेलचा बिघडलेला ईसीयू मिळवावा, त्यातील कपलर बसतो ते सॉकेट जपून काढावे, आणि त्याच्या प्रत्येक पिनेला वायर सोल्डर करून ती नव्या बोर्डापर्यंत न्यावी. सोल्डरिंगचा सराव नसेल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील एखाद्या कुशल कारागिराकडून ते करून घ्यावे. या पद्धतीत गाडीची मूळ वायरिंग कोठेही कापावी लागत नाही, आणि पाच मिनिटांत जुना ईसीयू परत लावून गाडी घरी आणता येते. माझ्या दृष्टीने प्लग-इन पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

पिनांचा नकाशा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कपलर मोकळा करून, चावी सुरू ठेवून, कोणत्या पिनेवर १२ व्होल्ट येतात हे मल्टीमीटरने पाहावे. चावी बंद करून कोणत्या पिना अर्थला जोडलेल्या आहेत हे तपासावे. इंजेक्टरचा रोध मोजणे अत्यावश्यक आहे. तो १२ ते १६ ओहम असेल तर बोर्ड इंजेक्टर थेट चालवू शकतो. २ ते ३ ओहम असेल तर मालिकेत रेझिस्टर बसवावा लागतो, अन्यथा बोर्डावरील ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालवणारे सुटे भाग, जळतात. सेन्सरांची अर्थ आणि इंजेक्टर-कॉइलची अर्थ वेगवेगळ्या वायरींनी न्यावी, कारण कॉइलचा प्रवाह सेन्सरच्या अर्थमधून वाहू लागला की सगळी मापने हलू लागतात.

तापमानाच्या सेन्सरांसाठी सॉफ्टवेअरला तीन तापमानांवरचे रोध द्यावे लागतात. बर्फाचे पाणी, खोलीच्या तापमानाचे पाणी आणि उकळते पाणी अशा तीन भांड्यांत सेन्सर बुडवून, थर्मामीटर शेजारी ठेवून हे आकडे स्वतः मोजावेत.

यानंतरचा टप्पा ट्रिगरचा, म्हणजे इंजिनाची स्थिती सांगणाऱ्या संकेताचा, आणि येथे घाई अजिबात चालत नाही. क्रँकची स्थिती ईसीयूला दातेरी चाकावरून कळते. ३६ पैकी १ दात नसलेले किंवा ६० पैकी २ दात नसलेले चाक ही नेहमीची रूपे आहेत, तर जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर करतो. इंजेक्टरांचे कपलर काढून स्टार्टर मारावा आणि लॅपटॉपवर आरपीएम स्थिर दिसतो का, सिंक (ईसीयूचा क्रँकच्या फेऱ्यांशी असलेला मेळ) तुटतो का, हे पाहावे. इंजिन सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण जुळवावी, आणि मग इंजिन ३००० आरपीएमपर्यंत नेऊन खूण जागेवर राहते का ते बघावे. वेग वाढताच खूण सरकत असेल तर चुंबकीय पिकअपच्या (दातेरी चाकाचे दात टिपणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी बहुधा उलट जोडल्या गेल्या आहेत. लॅपटॉपवर १० अंश दिसत असताना प्रत्यक्षात २० अंशांवर ठिणगी पडत असेल, तर भर लोडवर पिस्टन फुटू शकतो. म्हणून ही तपासणी कधीही टाळू नये.

इंधनाचा मूळ आकडा सॉफ्टवेअर स्वतः काढते, तरी त्याचा पडताळा घ्यावा. १२९८ सीसीचे चार सिलिंडरी इंजिन आणि मिनिटाला २०० सीसी देणारे इंजेक्टर असतील, तर पूर्ण भरलेल्या एका सिलिंडरला शुद्ध पेट्रोलसाठी इंजेक्टर साधारण साडेदहा मिलिसेकंद उघडा राहावा लागतो. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) इंधनाला त्याहून सात-आठ टक्के जास्त वेळ द्यावा लागतो, कारण त्याचे हवा-इंधन प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास आहे. याच कारणाने हे प्रमाण न वापरता लॅम्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचे आदर्श प्रमाण या आकड्यात, काम करावे. इंधन कोणतेही असले तरी लॅम्डा १ चा अर्थ बदलत नाही. त्यासाठी बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचा वाइडबँड, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधून लॅम्डा मोजणारे यंत्र, लागतो. त्याची किंमत कधी कधी बोर्डाइतकीच भरते, तरीही त्याच्याशिवाय जुळवणी करू नये. स्थिर वेगात लॅम्डा १, आणि टर्बो नसलेल्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ हे सुरुवातीसाठी सुरक्षित आकडे आहेत. रस्त्यावर एकाने फक्त गाडी चालवावी आणि दुसऱ्याने लॅपटॉप सांभाळावा. केळीच्या ट्रकांनी भरलेला रावेर-सावदा रस्ता या कामासाठी योग्य नव्हे.

खान्देशात खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि त्या तापमानाची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. एवढी घट ईसीयू सेन्सरवरून आपोआप धरतो. अडचण येते ती गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करताना. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीत) बसवलेला हवेच्या तापमानाचा सेन्सर तेव्हा धातूची उष्णता दाखवतो, ईसीयूला हवा फारच विरळ वाटते, इंधन कमी पडते आणि आयडलिंग अडखळते. हा सेन्सर एअर फिल्टरनंतरच्या प्लास्टिक पाइपात हलवावा आणि तक्त्यातील उच्च तापमानाची कपात थोडी सौम्य करावी. ५० अंशांच्या वर दर १० अंशांना ठिणगी १ ते २ अंश मागे घेण्याची तरतूदही ठेवावी, म्हणजे उन्हात चढावर नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होणार नाही. बोर्ड बॉनेटखाली कधीही ठेवू नये, डॅशबोर्डच्या वरच्या भागातही नको. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, धूळ शिरणार नाही अशा डब्यात तो बसवावा.

उंचीची दुरुस्ती तपासण्यासाठी शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता उत्तम आहे. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर असल्याने पायथ्यापासून वर जाईपर्यंत हवेचा दाब साधारण १० किलोपास्कलने उतरतो. बोर्डावर दाबाचा स्वतंत्र सेन्सर नसेल तर ईसीयू चावी सुरू करतानाचा दाबच धरून बसतो. अशा वेळी घाटात सुरक्षित जागी थांबून चावी बंद करून पुन्हा सुरू करावी आणि लॅम्डाची नोंद दोन्ही वेळा तपासावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीला पीयूसी लागतेच. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर काढू नये, आयडलिंगला लॅम्डा १ राखावा आणि जुळवणी पूर्ण झाल्यावर पीयूसी केंद्रावर नव्याने तपासणी करून घ्यावी. प्रत्येक बदलानंतर ट्यूनची फाइल तारीख घालून वेगळी जतन करावी आणि मूळ ईसीयू गाडीतच, कापडात गुंडाळून ठेवावा.