मुंबईतल्या रोजच्या गाडीचा हिशेब: निवड, देखभाल आणि लीज

मुंबईत रोज चालवायच्या गाडीचा विचार करताना किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो. मुलुंडहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत कामाच्या दिवशी ये-जा करणाऱ्याची गाडी वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर चालते. वाटेत ताशी सरासरी १५ किलोमीटरचा वेग मिळत असेल, तर एवढ्या अंतरासाठी इंजिन सुमारे ६६७ तास सुरू राहते. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी तेच अंतर १६७ तासांत कापते. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण पहिलीच्या इंजिन ऑइलला आणि एसीला चौपट वेळ राबावे लागलेले असते, आणि क्लच व ब्रेक यांच्या वाट्याला आलेले काम तर त्याहूनही अधिक असते. गाडी पसंत करण्यापासून लीजच्या, म्हणजे काही वर्षांसाठी भाड्याने घेण्याच्या, करारावर सही करण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हा तासांचा हिशेब सोबत ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

जागा आधी, गाडी नंतर

शोरूममध्ये जाण्याआधी मोजपट्टी घेऊन सोसायटीतील आपली जागा मोजावी. केवळ लांबी-रुंदी पुरत नाही. खांबाच्या बाजूचे दार किती उघडेल आणि उतारावरून वळताना गाडीचे नाक भिंतीला लागेल का, हेही पाहावे लागते. नव्या इमारतींत गाड्या एकावर एक ठेवणारे यांत्रिक पार्किंग असते, आणि तेथे प्रत्येक पाळण्याला उंचीची व वजनाची मर्यादा असते. अनेक ठिकाणी खालच्या बुटक्या कप्प्यात सेडान मावते, पण एसयूव्ही मावत नाही. गाडीची उंची छतावरच्या रेलसह धरावी, आणि इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर तिचे वजन त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरेच जास्त असते हे ध्यानात ठेवून मर्यादेचा आकडा सेक्रेटरींकडून लेखी घ्यावा. बुकिंगची रक्कम भरल्यानंतर हा प्रश्न निघाला, तर उत्तर महागात पडते.

चार्जिंगचेही तसेच. बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा, भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात, महावितरण यांपैकी ज्यांची वीज आपल्याकडे येते, त्यांच्याकडे चार्जिंगसाठी वेगळ्या मीटरची सोय आहे का हे विचारावे. मीटरपासून आपल्या जागेपर्यंत वायर कोणत्या मार्गाने येईल, हे मात्र सोसायटीच्या समितीबरोबर प्रत्यक्ष जागेवर उभे राहूनच ठरवावे.

आकाराच्या बाबतीत कर आणि सोय यांचे सुदैवाने जुळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, तर इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के. गिरगाव-दादरच्या गल्ल्यांत लहान गाडी वळवणे जेवढे सोपे, तेवढेच तिचे बिलही हलके. जमिनीपासूनची उंची मात्र १७० मिलिमीटरच्या खाली नसावी. पावसाळ्यातले खड्डे आणि सोसायट्यांनी मनाने घातलेले गतिरोधक यांच्यापुढे त्याहून कमी उंचीची गाडी पोट घासते.

इंधनाविषयी माझे मत स्पष्ट आहे: केवळ शहरात फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. घाटकोपर ते अंधेरी अशा रांगत चाललेल्या फेऱ्यांत ती संधीच मिळत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागतो. सीएनजी स्वस्त पडतो, पण पंपावरची रांग आपल्या दिनक्रमात बसते का ते पाहावे. शिवाय एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेले मॉडेल घेतले, तर सामानाला जागा उरते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. घरी चार्जिंग होणार असेल, तर मुंबईच्या वाहतुकीला सर्वांत साजेशी गाडी इलेक्ट्रिकच, कारण सिग्नलला उभी असताना तिची मोटर वीज खात नाही आणि वेग कमी करताना काही वीज बॅटरीत परत जाते. चार्जिंगची सोय नसेल आणि बजेट मोठे असेल, तर स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरी आणि मोटरवरही चालणारी गाडी, हा चांगला पर्याय आहे. मंद वेगात ती बराच वेळ बॅटरीवर चालते.

गिअरच्या बाबतीत मॅन्युअलचा हट्ट धरू नये, असे मी सुचवेन. चढत्या उड्डाणपुलावर हाफ क्लचवर सरकत राहिल्याने क्लच प्लेट लवकर झिजते. स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये बहुधा एएमटी असते आणि तिच्यातही क्लच तोच असतो, फक्त तो यंत्र दाबते. म्हणून चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक दाबावा. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर प्रकारची ऑटोमॅटिक रांगत्या वाहतुकीत अधिक सुखाची. ड्राय क्लचची ड्युअल क्लच, म्हणजे तेलाविना चालणाऱ्या दोन क्लचांची ऑटोमॅटिक गाडी वेगात मजा देते, पण थांबत-सरकत चालण्याने तिचे क्लच तापतात. टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊन यांतले काहीच कळत नाही. ती कामाच्या दिवशी संध्याकाळी, एसी लावून आणि घरची चार माणसे बसवून घ्यावी.

सर्व्हिसिंग तारखेने

बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा एका वर्षाने बदलावे असे लिहिलेले असते. त्याच पुस्तिकेत पुढे खडतर वापराचे वेगळे वेळापत्रक असते, आणि खडतर वापराच्या यादीत कमी अंतराच्या फेऱ्या, वारंवार थांबणे, बराच वेळ इंजिन सुरू ठेवून उभे राहणे यांचा उल्लेख आढळतो. मुंबईतली जवळजवळ प्रत्येक रोजची गाडी या वर्णनात बसते. म्हणून ऑइल आणि त्याचा फिल्टर त्या वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे आधीच, बदलणे योग्य. वाढणारा खर्च इंजिनाच्या कामापुढे अगदीच किरकोळ असतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि या शहराच्या हवेत ओलावा मुबलक आहे. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. एसीचा केबिन फिल्टर वर्षातून किमान एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर बदलावा. टायरची हवा गाडी उभी असताना, टायर थंड असताना तपासावी, आणि दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला आकडा प्रमाण मानावा, पंपावरच्या मुलाचा अंदाज नव्हे. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने तो बाद होतो, पण पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची पकड सुटू लागते. किलोमीटर कमी असले, तरी टायरच्या कडेवरील चार आकडी शिक्का वाचावा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

ऑफिसला मेट्रोने जाऊन गाडी फक्त शनिवार-रविवारी काढणाऱ्यांची अडचण निराळी असते. उभ्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि बॉनेटखालच्या उबेला उंदीर येऊन वायरी कुरतडतात. अशांनी आठवड्याच्या मध्ये गाडी अर्धा तास फिरवून आणावी. नुसती जागेवर सुरू करून बंद केल्याने बॅटरी नीट भरत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी खारट हवेमुळे गंजणाऱ्या पत्र्याकडे, विशेषतः चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडांकडे लक्ष ठेवावे. तेथील पाणी जाण्याची छिद्रे मातीने बुजली, की गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पावसाळ्याविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मुंबईत सर्वांत महागडी चूक येथेच होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो अपवाद होता. पण हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी आणि मिलन सबवे येथे पाणी साचायला तेवढा पाऊस लागत नाही. इंजिन हवा ओढते त्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे आकुंचन पावत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने हे नुकसान हमखास वाढते. ‘एकदा चावी फिरवून बघू’ हा मोह पूर्णपणे टाळावा. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात अशा इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे पुरवणी कलम घ्यावे लागते. हे कलम घेतले असले, तरी पाण्यात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला असेल तर दावा अडू शकतो, म्हणून कलमाचे शब्द वाचून ठेवावेत. जुनी गाडी घेताना ती पाण्यात बुडालेली नव्हती ना हे कळण्यासाठी सीट बेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटाला मातीची रेघ आहे का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, हे आवर्जून पाहावे.

लीज परवडते का

लीजची जाहिरात महिन्याचे भाडे दाखवते, आणि ते कर्जाच्या हप्त्याशी ताडून पाहणे चुकीचे आहे. उदाहरणादाखल १० लाख रुपये ऑन-रोड किमतीची गाडी घेऊ. दोन लाख रोख आणि आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो. तीन वर्षांनी गाडी विकायची झाल्यास तोपर्यंत हप्त्यांत ५.९८ लाख गेलेले असतात आणि ३.६४ लाख कर्ज शिल्लक असते. विमा आणि सर्व्हिसिंगचे ७५ हजार धरले आणि गाडी ६ लाखांना विकली गेली, तर तीन वर्षांचा निव्वळ खर्च सुमारे ६.३७ लाख होतो. गुंतवलेल्या दोन लाखांवरचे बुडालेले व्याज धरल्यास ६.८ लाखांच्या आसपास. विमा, सर्व्हिसिंग आणि जीएसटीसह २४,००० रुपये भाड्याची लीज याच काळात ८.६४ लाखांना पडते. मात्र तीच गाडी विकताना चारच लाख मिळाले, तर खरेदीचा खर्च ८.८ लाखांवर जातो आणि लीज स्वस्त ठरते. म्हणजे जास्तीचे भाडे आपण पुनर्विक्रीची जोखीम दुसऱ्याच्या अंगावर टाकण्यासाठी देतो. वर्षानुवर्षे मागणी टिकवून असलेल्या पेट्रोल हॅचबॅकसाठी ती किंमत मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. झपाट्याने बदलणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीसाठी, किंवा तीन वर्षांत शहर बदलण्याची शक्यता असलेल्या माणसासाठी, ती मोजावी असे वाटते.

मुंबईकराला लीजमध्ये एक खास फायदा आहे. करारात वापर किलोमीटरने मोजतात, तासांनी नाही. त्यामुळे सर्वांत कमी किलोमीटरचा टप्पा निवडावा, कारण न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आणि क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग भाड्यात धरले आहेत का, हे लेखी विचारावे. धरले असतील, तर वाहतुकीतल्या त्या जादा तासांची झीज कंपनी सोसते. वगळले असतील, तर लीजचा अर्धा लाभ संपला असे समजावे. इंजिन संरक्षणाचे कलम विम्यात आहे का, तेही येथेच विचारून घ्यावे.

नंबर प्लेटही पाहावी. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी नोंदणीची असते. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे असली, तर ती स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची व्यावसायिक नोंदणी होय. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आपले नाव येणार की कंपनीचे, हे विचारावे, कारण कंपनीच्या नावाने नोंदलेल्या गाडीवर महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीपेक्षा जास्त दराने कर लागतो आणि तो भाड्यात मिसळलेला असतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ येथे ठेवल्यास नोंदणी बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. तो खर्च कोणाचा, हे करारात असलेच पाहिजे. मुदतीआधी करार मोडल्यास लागणारा दंडही आकड्यात लिहून घ्यावा, टक्केवारीच्या मोघम वाक्यात नाही.

गाडी ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात चारही बाजूंचे, छताचे, चाकांच्या रिमचे आणि मीटरचे फोटो काढून त्याच दिवशी कंपनीला ईमेलने पाठवावेत. परत करताना ओरखड्यांवरून सर्वाधिक वाद होतात, आणि मुंबईच्या पार्किंगमध्ये तीन वर्षे ओरखड्याविना काढलेली गाडी क्वचितच असते. किती लांबीचा ओरखडा नेहमीच्या झिजेत मोजला जातो, याची कंपनीची यादी सही करण्याआधीच मागून घ्यावी. शेवटच्या महिन्यात थकलेली ई-चलने भरावीत, आपल्या नावावरचा फास्टॅग बंद करावा आणि गाडी ताब्यात मिळाल्याची पोच, तारीख व मीटरच्या आकड्यासह, घेतल्याशिवाय चावी देऊ नये.