अहवाल लिहिणारा हात

फौज सोडून लिहायला बसलो तेव्हा माझी पहिली कथा अशी सुरू झाली : वेळ, ठिकाण, माणसं किती, हत्यारं किती. इतकी वर्षं अहवालच लिहिलेले, हात दुसरीकडे वळेना. लिहिलेलं सगळं खरं होतं, पण त्या रात्री पहाऱ्यावर शेजारी उभा असलेला मित्र काय बोलत होता, तेवढं राहून गेलं होतं.

म्हणून सैन्यातून येऊन लिहू पाहणाऱ्याला मी आधी एकच रात्र दोनदा लिहायला लावतो. पहिल्यांदा एक पानी अहवाल. मग त्यात न बसलेलं सगळं : बुटात शिरलेलं पाणी, कुणाचा तरी खोकला, घरून आलेलं आणि न उघडलेलं पत्र. पहिलं पानही फेकू नका. मोजकं, नेमकं लिहिण्याची ती शिस्त इतरांना मुद्दाम कमवावी लागते.

घाई मात्र नको. १९४५च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर बॉम्ब पडले तेव्हा अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट तिथेच युद्धकैदी होते. त्यावरची त्यांची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ ही कादंबरी १९६९मध्ये आली. दरम्यान त्यांनी दुसरी पुस्तकं लिहिली, अमेरिकेतल्या आयोवाच्या लेखन कार्यशाळेत शिकवलंही; पण त्या एका गोष्टीला चोवीस वर्षं लागली.

मला सगळ्यात जड गेलं ते लिहिणाऱ्यांच्या गटात वाचून दाखवणं. सूचना आली की हुकूम समजून पाळायची सवय! पाच जणांनी पाच बदल सुचवले, मी पाचही केले आणि कथेतला जीवच गेला. वाचक कुठे अडखळला हे नीट ऐका. तिथे काय करायचं ते तुम्ही ठरवा. नेमकी सूचना मात्र मोलाची असते. पहिल्या महायुद्धातले इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन १९१७मध्ये स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयात होते. तिथे दुसरे सैनिक-कवी सिगफ्रीड ससून यांनी त्यांच्या एका कवितेच्या मसुद्यावर स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या. शीर्षकातला ‘मृत’ जाऊन ‘मरण ओढवलेले’ या अर्थाचा शब्द आला, तो ससून यांच्याच सूचनेवरून. एका सैनिकाच्या ओळींवर दुसऱ्या सैनिकाचं अक्षर! तो मसुदा वर्गात दाखवताना आजही माझा आवाज जड होतो.

शिकवायचं असेल तर हेही लक्षात असू द्या. रायफल खोलून जोडायला शिकवताना ‘मी करतो तसं करा’ चालतं, कथेला नाही. मी माझे फसलेले खर्डे वाचून दाखवतो, मग मुलं आपले काढतात. कुणाचा हात लिहिता लिहिता थांबला, तर त्याला उठून बाहेर जायची मुभा असते, कारण विचारायचं नाही. आणि छापण्याआधी आपल्या सेवेचे गोपनीयतेचे नियम वाचा. तुकडी, ठिकाण, मोहीम बदलूनही गोष्ट उभी राहते. मित्राचं बोलणं मात्र बदलू नका.